आचाऱ्याचं तोंड

माझ्या वडिलांना मी घाबरत होते असं आमच्या नात्यात सगळ्यांना वाटतं. मी घाबरत नव्हते. मला त्यांचा राग यायचा, आणि तो अजून गेलेला नाही. त्यांना जाऊन एवढी वर्षं झाली, तरी कुणाच्या घरी मटणाचा रस्सा उकळायला लागला की पहिल्यांदा तो रागच वर येतो. बाकीच्या आठवणी मागून येतात.

आप्पा आचारी होते. हॉटेलातले नव्हेत. जावळ, देवाची म्हाई, घरभरणी असल्या कार्याला मटणाचं जेवण करून देणारे. कोल्हापुरात शिवाजी पेठेत तालमीच्या मागच्या बोळात आमच्या दोन खोल्या होत्या आणि पुढच्या खोलीत माणसांपेक्षा हंडेच जास्त होते. पेठेतले लोक तर बोलवायचेच, पण राधानगरीकडच्या खेड्यांतूनही माणसं दारात येऊन उभी राहायची. आप्पांना ती तारीख जमत नसेल तर ते सरळ सांगायचे, तारीख बदला. आणि लोक बदलायचे. भटजीनं काढलेला मुहूर्त आमच्या दारात येऊन हललेला मी कितीदा पाहिलाय.

असं काय होतं त्यांच्यात? जीभ. रस्सा उकळून तेलाचा कट वर आला की ते वगराळ्यातला रस्सा डाव्या तळहातावर घ्यायचे, कढतच, आणि जिभेनं टिपून डोळे मिटायचे. तेवढा वेळ मांडवातलं सगळं थांबायचं. पाहुणे भुकेले असोत, यजमान कितीही मोठा असो, आप्पांनी डोळे उघडून ‘उतरवा’ म्हटल्याशिवाय पंगत बसत नसे. त्यांचा आणखी एक नियम होता. त्यांच्या पंगतीत पानात मीठ वाढायचं नाही. मिठाचं भांडं मांडवात दिसलं तर ते उचलून लांब ठेवायला लावायचे. ज्याला वरून मीठ लागतं त्यानं आपल्या घरी जेवावं, असं ते यजमानाच्या तोंडावर सांगायचे, आणि यजमान हसायचा.

मसाला सगळा आईचा. मिरच्या भाजणं, कांदा-लसूण चटणी कुटणं, पांढऱ्या रश्श्यासाठी खोबरं आणि खसखस वाटणं, मटण धुऊन हळद लावणं, हे आई करायची. काका, म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, चर खणून चूल लावायचे आणि जाळ सांभाळायचे. मीठ मात्र आप्पाच घालायचे, मुठीनं, न मोजता. आणि नाव फक्त त्यांचं व्हायचं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, जगात असंच चालतं. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या बाईच्या वाटणावर त्यांचं नाव उभं होतं तिला ते रोज, आल्यागेल्यासमोर सांगायचे की तुझ्या हाताला चव नाही. घरी जेवायला बसले की पहिला घास घ्यायचे आणि ताट पुढं सरकवायचे. एकदा आमटीचं पातेलं तसंच उचलून त्यांनी मोरीत पालथं केलं होतं. आईनं ते पातेलं घासून जागेवर ठेवलं आणि पुन्हा डाळ शिजत घातली. मला त्या पातेल्यापेक्षा तिच्या त्या घासण्याचा जास्त संताप आला.

आप्पा आजारी पडले तेव्हा मी शाळेत होते. अंगावरचं मांस उतरलं, डाव्या बरगडीखाली पोट जड लागायला लागलं. आईनं तेल लावून चोळून पाहिलं. मग पेठेतल्या डॉक्टरांनी हात लावून सांगितलं की पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे, आणि मिरजेला धाडलं. मिरजेहून आल्यावर ते दोघं आतल्या खोलीत बसले होते आणि आई पदर तोंडात धरून रडत होती. रक्ताचा कॅन्सर. हळूहळू चालणारा, पण कॅन्सरच. त्या वेळी त्या शब्दाला लोक किती भ्यायचे हे आज सांगून पटायचं नाही. शिवलं तरी होतो, असं म्हणणारे शिकलेले लोक होते. मग त्याच्या हातचं कोण जेवणार? म्हणून घरात ठरलं की कुणाला सांगायचं नाही. काकांनाही सांगितलं नाही. मला समोर उभं करून आप्पा म्हणाले, बोळाच्या बाहेर हा शब्द गेला तर जीभ हासडून हातात देईन. गोळ्या कसल्या असं कुणी विचारलं तर सांगायचं पित्ताच्या.

त्या बारीक पांढऱ्या गोळ्यांनी खरंच गुण आला. पाणथरी उतरली, भूक लागली, अंग भरलं. वर्ष, दोन वर्षं, चार वर्षं ते पहिल्यासारखे काम करत राहिले. राजारामपुरीत एक डॉक्टर होते, ते रक्त तपासून गोळी कमी-जास्त करायचे. मग आप्पा काळे पडायला लागले. ते गोरेपान होते आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता. आईच्या सावळ्या रंगावरून चारचौघांत बोलायचे. आता त्यांचा चेहरा, मान, हाताची बोटं, सगळं जळक्या रंगाचं झालं. चुलीपुढं बसून बसून झालं असेल, असं लोक म्हणाले. तालमीच्या कट्ट्यावरची पोरं म्हणायची, आप्पा, खाली लागलं की तुमचं. मी शेजारून जात होते. मला हसू आलं, आणि ते मी दाबलं नाही.

रंगावर भागलं असतं तर काही नव्हतं. पण खोकला लागला. कोरडा, थांबतच नाही असा. धुराचा आहे म्हणून त्यांनी तो बरेच दिवस अंगावर काढला. राजारामपुरीच्या डॉक्टरांचा दवाखाना माडीवर होता, तो जिना चढताना त्यांना मध्ये बसावं लागलं तेव्हा डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. मी तेव्हा कॉलेजात होते, त्यामुळे सांगितलेलं ऐकून लक्षात ठेवायला मला बरोबर नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, ही गोळी तुमच्या रक्ताला मानवली पण फुप्फुसाला बाधली. फुप्फुसं आतून घट्ट व्हायला लागली आहेत. झालं ते भरून येणार नाही, पण आज गोळी बंद केली तर पुढचं थांबेल. दुसरं औषध आहे, कॅप्सूल. मग त्यांनी फार सावकाश, माझ्याकडं बघत सांगितलं की जुनी गोळी बंद केली तरी तिचा जोर रक्तात बरेच दिवस राहतो, म्हणून नवी कॅप्सूल रक्त बघून बघून वाढवायची. तिनं तोंड येईल, मळमळेल. तसं झालं तर मला येऊन सांगायचं, मी कमी करीन. आपल्या मनानं काही करायचं नाही. आणि तिखट बंद.

आप्पा म्हणाले, “तिखट बंद? मग मी काय कीर्तन करू व्हय?”

डॉक्टर हसले. त्यांना आप्पांचा धंदा माहीत होता, पण त्यातलं तोंड म्हणजे काय चीज आहे ते माहीत नसावं.

नव्या कॅप्सूलनं तोंड आलं ते असं आलं की मी तसं पुन्हा पाहिलं नाही. जिभेखाली, गालाच्या आत, ओठांच्या कडेला पांढरे चट्टे. साधा दूधभात गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. कांदा परतल्याचा वास आला की त्यांना ओकारी यायची, आणि आमच्या घरात कांदा तर रोज परतायचा. आईनं त्यावर आपले उपाय बसवले. कॅप्सूल उपाशीपोटी घेतली की उलटी होते, गार दूधभातावर घेतली तर कमी होते, हे तिनं चार-आठ दिवसांत हेरलं. कांदा भाजायचं काम तिनं शेजारच्या परड्यात नेलं. सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दिवसातून कितीदा तरी. जेवणाआधी त्या चट्ट्यांवर बोटानं साजूक तूप लावायचं म्हणजे घास कमी झोंबतो. ‘आ करा’ म्हणायची लहान मुलाला म्हणावं तसं. एक दिवस तिचं बोट तोंडात असताना आप्पांनी दात मिटले. झोंबलं म्हणून चुकून नव्हे. मी समोर बसले होते, मी त्यांचे डोळे पाहिले. तिनं बोट ओढून घेतलं नाही. त्यांनी तोंड उघडेपर्यंत ती तशीच वाकून उभी राहिली, मग बोट धुऊन उरलेलं तूप लावलं.

कार्यं सुरूच होती. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. पण आता रस्सा तळहातावर घेऊन जिभेला लावला की त्यांना आगीशिवाय काही कळत नसे. डोळ्यांतलं पाणी धुराच्या नावावर खपायचं, मिठाचं काय करणार? आईला चाखायला सांगणं त्यांच्या जन्मात झालं नसतं. काकांना सांगणं म्हणजे आपण होऊन गादी सोडणं. म्हणून मी. मला चुलीमागं बोलवायचे, माझा हात पुढं करून त्यावर रस्सा ओतायचे, कढतच. माझे तळहात त्या वर्षी सारखे भाजलेले असत. आणि विचारायचे, कसं झालंय असं नव्हे, तर मीठ मागं आहे का पुढं. मागं म्हणजे कमी, पुढं म्हणजे जास्त. मी सांगितलं की म्हणायचे, तुला काय कळतंय. आणि मी सांगितलं तसंच करायचे. एकदाही चुकलं नाही. पंगती उठताना लोक आप्पांच्या पाया पडायचे आणि मी भाजलेला हात गार पाण्यात धरून बसायचे.

हे त्यांना सोसेना. आजार सोसत होता, कॅप्सूलची ओकारी सोसत होती, पण पोरीच्या जिभेवर जगणं सोसेना. एकदा काम आटोपून येताना टेम्पोत ते माझ्याकडं न बघता म्हणाले, मेलेलं बरं. मला दया यायला हवी होती. नाही आली.

मग त्यांचं तोंड एकाएकी सुधारलं. चट्टे गेले, जेवायला लागले, चटणी मागायला लागले. आईला वाटलं तुपाचा गुण. मला शंका आली, कारण राजारामपुरीला रक्त द्यायला जाणं त्यांनी बंद केलं होतं. एकदा खसखशीच्या डब्यात हात घातला तर तळाशी जुन्या गोळ्यांची बाटली. आमचे डॉक्टर ती गोळी आता देत नव्हते. कुठून तरी मिळवली होती. मी बाटली त्यांच्यापुढं धरली. ते चिडले नाहीत, उलट मोठ्या खुशीत मला समजावून सांगायला लागले. कॅप्सूलनं तोंड येतं, गोळीनं खोकला येतो. मग दोन्ही थोडं थोडं घ्यायचं. तोंड दुखायला लागलं की कॅप्सूल मागं ओढायची आणि गोळी पुढं करायची. खोकला वाढला की उलट.

“रश्श्यात तिखट ज्यादा झालं तर आपण काय करतोय? खोबरं वाढवतोय. हंडा वतून देतोय का?”

मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं आपल्या मनानं काही करू नका, जुन्या गोळीचा जोर रक्तात राहतो. त्यावर ते म्हणाले, डॉक्टर तागडी घेऊन बसलाय, मी आजवर कधी तागडी धरली? हजार माणसाचं मीठ अंदाजानं घालणारा माणूस आहे मी. स्वतःचं औषध जमणार नाही मला?

मी आईला सांगितलं. ती त्यांच्याशी बोलली आणि तिला एक मुस्काटात बसली. मी दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून राजारामपुरीला गेले आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, दोन्ही औषधं एकाच ठिकाणी घाव घालतात, हाडांच्या आत, जिथं रक्त तयार होतं तिथं. उद्याच्या उद्या घेऊन ये, उचलून आणावं लागलं तरी आण. मी घरी येऊन निरोप दिला. आप्पा म्हणाले, उचगावचं जावळ झाल्यावर बघू. त्यांच्या दंडावर आणि मांड्यांवर निळे-काळे डाग उठले होते. हंडा लागला, म्हणाले. सकाळी दात घासताना राखुंडी तांबूस व्हायची. हिरड्या उतरल्यात, म्हणाले. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडं उत्तर होतं.

उचगावचं जावळ एका ट्रकवाल्याच्या पहिल्या नातवाचं होतं. गावाच्या कडेला त्याच्या मोकळ्या रानात मांडव घातला होता, गाव जेवायला आणि वर कोल्हापुरातले व्यापारी. आम्ही उजाडतानाच पोचलो. काकांनी चर खणला, आईनं मटण धुऊन हळद लावली, मी नारळ खवत बसले. आप्पा त्या दिवशी मजेत होते. तोंड चांगलं होतं, आता मी लागणार नव्हते. मला त्यांनी चुलीजवळ येऊ दिलं नाही. तांबड्या रश्श्यात मीठ घातलं, पांढऱ्यात घातलं, आणि ऊन वर आलं तसा कट वर आला.

त्यांनी तांबडा तळहातावर घेतला, जिभेला लावला, डोळे मिटले. आणि डोळे उघडले ते आईकडं बघतच.

“मीठ म्होरं गेलंय. काय घातलीस तू मटणाला?”

“मी मीठ घातल्यालं न्हाय वो. निस्ती हळद लावलीया.”

त्यांनी पांढरा घेतला. त्यातही मीठ पुढं. थुंकले ते राखेत, आणि तांबड्या रश्श्यानं रंगलेल्या तोंडातली थुंकी तांबडी दिसणारच, त्यात कुणाला काय वाटणार? हातातल्या वगराळ्यानं त्यांनी आईच्या मनगटावर मारलं. पितळी वगराळं होतं, आवाज झाला. मांडवातल्या बायकांनी वळून बघितलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागल्या.

मी पुढं होऊन दोन्ही हंड्यांतलं चाखलं. मीठ बरोबर होतं. इतकं बरोबर की आजही ती चव मला सांगता येईल. मी म्हणाले, “आप्पा, मीठ बरोबर हाय.” ते माझ्याकडं बघून तोंडभर हसले, कारण आता त्यांची जीभ त्यांना परत मिळाली होती आणि माझी खोटी ठरवायची हीच वेळ होती. त्यांनी काकांना बोलावलं. काकांनी सावकाश तळहातावर रस्सा घेतला, चाखला. माझ्याकडं बघितलं. मग आप्पांकडं. काकांची जीभ काही वाईट नव्हती, त्यांना कळलं होतं. हे मी त्यांच्या तोंडावर सांगायला आजही तयार आहे.

“दादा म्हणतोय तसंच हाय,” काका म्हणाले.

मग दोन्ही हंड्यांत आधणाचं पाणी पडलं. आप्पा चाखायचे, मान हलवायचे, अजून घाला म्हणायचे. कणकेचे गोळे सोडले, मीठ ओढून घ्यायला. कट फुटून वर तेलाचे चंद्र चंद्र झाले. शेवटी त्यांनी डोळे उघडून ‘उतरवा’ म्हटलं.

पहिली पंगत बसली. भुरके सुरू झाले आणि लगेच थांबले. मटण खाताना पंगत गप्प झाली तर आचाऱ्यानं समजून घ्यावं. एक म्हातारा म्हणाला, मीठ आणा जरा. मग त्याच्या पलीकडचा. मग सगळी ओळ. मांडवात मीठच नव्हतं, आप्पांच्या नियमाप्रमाणं. कुणीतरी घराकडं पळालं आणि यजमानाची बायको मिठाची बरणी कडेवर घेऊन ओळीत शिरली, चिमूट चिमूट वाढत. आप्पा हंड्याशी उभे होते. मी त्यांच्याकडं बघत होते आणि मला समाधान वाटत होतं, खोटं कशाला बोलू. यजमान आला.

“पावणं, हे जावळाचं जेवाण हाय का दवाखान्यातलं?”

आप्पांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्यांचे सगळे दात रक्तानं माखलेले होते. हिरड्यांतून आलेलं रक्त ओठांवरून हनुवटीवर आलं आणि पांढऱ्या सदऱ्यावर उतरलं. त्यांनी हातानं पुसलं, हाताकडं बघितलं, त्यांना काही समजेना. यजमान दोन पावलं मागं सरला. एक बाई ओरडली, क्षय हाय ह्याला. लोक भरल्या ताटांवरून उठले. आयांनी पोरांच्या तोंडातले घास बोटं घालून काढले. ज्यांनी वर्षानुवर्षं आप्पांच्या हातचं खाल्लं होतं ते लोक बांधावर जाऊन घशात बोटं घालत होते. दोन्ही हंडे ट्रकवाल्याच्या माणसांनी रानातच पालथे केले, हाताला फडकी गुंडाळून. आम्हाला परत यायला टेम्पो मिळाला नाही. आप्पा बैलगाडीत आडवे पडले होते, आई सुजल्या मनगटानं त्यांचं तोंड पुसत होती, आणि आम्ही पेठेत शिरण्याआधीच बातमी शिरलेली होती.

सरकारी दवाखान्यात त्यांना रक्त चढवलं. राजारामपुरीचे डॉक्टर तिथं बघायला आले. त्यांनी सांगितलं की आता कुठलंच औषध देता येत नाही. दोन्ही मिळून रक्ताचं मूळच जाळलं आहे. ते परत फुटलं तर नशीब. मी तिथंच, आप्पांच्या खाटेशी उभी राहून विचारलं, डॉक्टर, रक्ताची चव कशी असते? मला उत्तर माहीत होतं. मला ते आप्पांना ऐकवायचं होतं.

डॉक्टर म्हणाले, खारटच की.

 आप्पांनी मान वळवली. आई पायाशी बसली होती, मनगटाला ओलं फडकं बांधलेलं. त्यांनी त्या फडक्याकडं बघितलं, आणि मी, एवढं सगळं होऊनही, वाट बघितली.

“मग तवा बोलली का न्हाईस?” ते तिला म्हणाले.

मी उठून बाहेर व्हरांड्यात गेले. तिथं थांबले असते तर माझ्या हातून काहीतरी झालं असतं.

काका दवाखान्यात रोज यायचे. पेठेतलं एक ठरलेलं कार्य त्यांनी आप्पांऐवजी केलं होतं, आमचेच हंडे नेऊन, आणि ते चांगलं झालं होतं. हे त्यांनी खाटेशी बसून सगळं सांगितलं. आप्पा ऐकत होते. औषधं बंद झाल्यामुळं आणि चढवलेल्या रक्तामुळं चार दिवस त्यांच्या हिरड्या थांबल्या होत्या, तोंड कोरडं पण स्वच्छ होतं. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हे टिकणार नाही, काय हवं ते खायला द्या. आप्पांनी पांढरा रस्सा मागितला.

आईनं तो घरी केला. मी खोबरं वाटून दिलं, बाकी तिनंच. तिचं दुखरं मनगट वाटणाला चालत नव्हतं, पण मीठ तिनं स्वतः घातलं, मुठीनं, न मोजता. मी चाखायला हात पुढं केला तर नको म्हणाली. दुपारी आम्ही डबा घेऊन गेलो तेव्हा काका तिथंच होते. आईनं वाटीत ओतून चमच्यानं आप्पांच्या तोंडाला लावला. त्यांनी डोळे मिटले.

मी हे कधी पाहिलं नव्हतं: घरचा घास घेऊन त्यांनी वाटी सरकवली नाही. दुसरा चमचा घेतला. तिसरा. मग डोळे उघडून काकांकडं बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“तू केलास न्हवं?” ते म्हणाले. “आली रं माझी चव तुझ्या हाताला.”

काकांनी मान खाली घातली, पण मी नव्हे असं म्हटलं नाही. मी बोलायला तोंड उघडलं तोच आईनं खाटेखाली माझ्या पावलावर पाऊल दिलं, सगळा भार टाकून.

“व्हय,” ती म्हणाली. “भावजींनीच केलाय.”

आप्पांनी वाटी संपवली. हंडे, वगराळी, सगळं काकांना द्यायचं, असं आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. परत हिरड्या सुटल्या, आणि त्या रात्रीनंतर त्यांच्या पोटात काही गेलं नाही.

आई बाहेरच्या नळावर वाटी धूत होती. मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, आयुष्यात एकदा, एकदाच त्यांनी तुझ्या हातचं गोड मानलं, आणि ते तू त्या माणसाच्या पदरात टाकलंस ज्यानं त्यांना भर मांडवात बुडवलं. तू बाई आहेस का दगड आहेस? तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. वाटी पालथी करून झटकली.

“माझं नाव ऐकलं असतं तर वाटी खाली ठिवली असती त्यांनी,” ती म्हणाली. “उपाशी गेलं असतं.”